घरबसल्या सहल काढली, पण लेकरं दहा मिनिटांत उठून गेली. काय करावं?

पूर्वभागातली आई (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात, पूर्व भागात राहते. घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. थोरला सातवीत आहे, धाकटी चौथीत.

यंदा हिवाळ्यात शाळेची कोकणात सहल निघाली होती. दोघांची फी मिळून माझी जवळजवळ महिन्याची शिलाई जात होती, म्हणून नाही म्हणावं लागलं. थोरल्यानं एक दिवस तोंड फुगवलं आणि सोडून दिलं. धाकटी काहीच बोलली नाही. पण मैत्रिणीनं तिकडून आणलेली शिंपल्यांची डबी दोन दिवस मागून घेतली आणि कानाला लावून बसायची. शंख लावतात तशी. डबीतून कुठला आवाज यायचा, पण ती लावायची. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता उन्हाळ्याची सुट्टी लागलीय. दुपारी वरचा पत्रा असा तापतो की लेकरांना बाहेरही सोडवत नाही आणि आतही ठेववत नाही. कुणीतरी सांगितलं की जगभरातली संग्रहालयं, किल्ले, मत्स्यालयं नेटवर फुकट फिरून बघता येतात. म्हणलं, आपणच सहल काढू. गल्लीतली नऊ लेकरं जमवली. सगळ्यांना घरून डबा आणायला सांगितला, पाण्याच्या बाटल्या सुद्धा. टीव्हीला मोबाईल जोडला आणि परदेशातलं एक मोठं संग्रहालय लावलं.

दालन संपलं की दालन, बाण दाबला की पुढं. चित्रं लांबून दिसतात, जवळ गेलं की धूसर. खालची माहिती इंग्रजीत, मी वाचून सांगेपर्यंत पोरं एकमेकांच्या डब्यात. दहा मिनिटांत सहा जण उठून गल्लीत. थोरला म्हणाला, "आई, ह्यात माणसंच नाहीत." शेवटी धाकटी एकटी उरली. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "एवढी मोठी फरशी कोण पुसत असंल?"

मला हे सोडून द्यायचं नाहीये. लेकरांना जग बघायला मिळावं असं मनापासून वाटतं आणि सध्या माझ्या हातात एवढंच आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: काय दाखवायचं, किती वेळ दाखवायचं, आणि खरंच त्यातून काही हाती लागतं का?

निवृत्त मास्तर, बार्शी

ताई, तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. तो धरून ठेवा.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. सहलीला जाऊन आम्हीही हेच करायचो. एका दिवसात सात ठिकाणं, आणि परत आल्यावर मुलांना आठवायचा तो गाडीत कोण ओकलं ते. पडद्यावरच्या सहलीत तर सात दालनं दोन मिनिटांत होतात, म्हणून तिथं ही चूक जास्तच घडते.

संग्रहालय दाखवू नका. एक गल्ली दाखवा. इटलीतलं पॉम्पेई हे गाव गुगल मॅपवर शोधा आणि 'स्ट्रीट व्ह्यू' (रस्त्यात उभं राहून चौफेर बघायची सोय) उघडून तिथल्या रस्त्यावर उतरा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे अख्खं गाव राखेखाली गाडलं गेलं. आज ते उकरून काढलेलं आहे आणि तुम्ही त्याच्या रस्त्यातून चालू शकता. चालताना खाली बघायला सांगा. रस्त्याच्या दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतील, चांगल्या खोल. मध्ये मध्ये उंच दगड आडवे ठेवलेले दिसतील. रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची, माणसं त्या दगडांवर पाय ठेवून पलीकडे जायची, आणि दगडांच्या फटींतून चाकं जायची. हे आधी सांगू नका. "हे दगड कशाला असतील?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला ते जमायला दहा वर्षं लागली.

मग एखादी भटारखान्याची जागा शोधा. डमरूच्या आकाराची, कमरेएवढी दगडी जाती उभी आहेत. गाढवं किंवा माणसं ती गोल फिरवायची. त्या राखेत पावसुद्धा सापडले, जळून कोळसा झालेले, आठ फोडी पाडलेले.

आता खरी गोष्ट. त्याच पॉम्पेईत १९३८ साली एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. ती रोमन नाही, आपल्याकडची आहे. आणि तिच्याच घडणीच्या हस्तिदंती प्रतिमा कुठं सापडल्या? जालना जिल्ह्यात भोकरदनला, आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला. तेर, आपल्या गोरोबाकाकांचं. सोलापूरहून दोन-अडीच तासांवर. तिथं लामतुरे संग्रहालय आहे, जवळच विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर आहे.

त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याला पेरिप्लस म्हणतात. त्यात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो सांगतो. आणि तगरहून काय जायचं? कापड. जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात. ताई, तुमची लेकरं कापडावर जगणाऱ्या घरातली आहेत, तुमच्या गल्लीत मागांचा आवाज असेल. त्यांना हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

एक सूचना मात्र गंभीरपणे. जे दाखवायचं ते आदल्या रात्री एकट्यानं पूर्ण बघून घ्या. ती हस्तिदंती बाई आज नेपल्सच्या संग्रहालयात ज्या दालनात आहे, तिथं लहान मुलांना दाखवू नये अशा बऱ्याच वस्तू आहेत. तिचा एक फोटो वेगळा काढून ठेवा आणि तेवढाच दाखवा.

वेळ वीस मिनिटं. त्याच्या वर नाही.

गच्चीवरून

मास्तरांनी मोठं सांगितलं, मी किरकोळ पण अडणारं सांगतो.

जुन्या याद्यांमध्ये गुगल एक्स्पिडिशन्स नावाचं ॲप असतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, शोधत बसू नका. त्यातलं बरंच आता गुगल आर्ट्स अँड कल्चरवर आहे, तेही फुकट.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाचे थेट कॅमेरे आहेत: जेलीफिश, पाणमांजरं, समुद्री वनस्पतींचं जंगल. पण दुपारी लावलं तर तिकडं मध्यरात्र असते. उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडं रात्रीचे आठ. जेवणं उरकून लावा. इंग्रजी लागत नाही, भाषणही लागत नाही. माझा भाचा जेलीफिश बघता बघता शांत झोपतो.

आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आतून बघा, २०१७ पासून ते स्ट्रीट व्ह्यूवर आहे. भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशव्या बघितल्या की पोरं प्रश्न विचारायचं थांबत नाहीत. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. सोलापूरवरून ते कधी दिसेल ती वेळ नासाच्या संकेतस्थळावर मिळते. संध्याकाळी अंधार पडल्यावर किंवा पहाटे गच्चीवर न्या. न लुकलुकणारा ठिपका सरकत जातो. "आपण आतून बघितलं ते हेच" असं सांगितल्यावर आमच्याकडं पाच मिनिटं कुणी बोललं नव्हतं.

माळावरची

मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. जवळचं बघायचं सोडून लेकरांना अजून पडद्यासमोर कशाला बसवायचं? बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक पक्षी आता जवळजवळ दिसतच नाही म्हणा, त्याचं दुःख वेगळंच. पण काळवीट दिसतात, चंडोल गाताना ऐकू येतात. पहाटे पोचलात तर उन्हाच्या आत परत. गवताचा वास टीव्हीतून येत नाही, ताई.

पूर्वभागातली आई

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून बघायचं होतं.

माळावरची ताई, तुमचं खरं आहे आणि मला ते लागलं सुद्धा. नान्नजला जाणार आहोत, पहिला पाऊस पडून माळ हिरवा झाला की. पण पडदा मी टाकून देणार नाही. आता का ते सांगते.

पॉम्पेई मी दोन रात्री एकटीनं बघितलं. कुठं वळायचं ते कापडाच्या कापट्यावर खडूनं लिहून ठेवलं, शिवणाच्या मापासारखं. रविवारी सात लेकरं आली. उंच दगड दाखवले आणि मास्तरांनी सांगितलं तशी गप्प बसले. एक म्हणाला स्पीडब्रेकर. एक म्हणाली बसायला. मग शेजारचा एक पोरगा, जो शाळेत कधी हात वर करत नाही, तो म्हणाला, "पावसात आपण विटा टाकतो की वो दारासमोर, तसं." आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गटार तुंबतं आणि आम्ही खरंच विटा टाकतो. माझ्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी गल्लीत खडूनं तोच रस्ता काढला. दगड म्हणून विटा मांडल्या आणि त्यातून भाजीवाल्याचा हातगाडा नेऊन बघितला. दोनदा अडकला. मग विटा सरकवल्या, परत नेला, तेव्हा गेला. भाजीवाल्या मामांनी बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत थांबून दिलं.

जात्यांचा फोटो मी शेजारच्या तेलुगू आजींना दाखवला. त्या लगेच "इसुर्राई!" म्हणाल्या आणि हातानं फिरवून दाखवलं. लेकरांना त्यांनी अर्धा तास सांगितलं, लग्न होऊन आल्यावर पहाटे किती दळायचं, दळताना कोण गायचं, हाताला घट्टे कुठं पडायचे. माझा थोरला, ज्याला माणसंच नाहीत म्हणून कंटाळा आला होता, तो त्यांचा तळहात धरून बघत होता.

हस्तिदंती बाईचा फोटो दाखवला तेव्हा धाकटीनं तिची उंची विचारली, आणि आपल्या हाताची वीत टीव्हीवर लावून "ह्याच्यापेक्षा थोडी मोठी" असं स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

आता तेरला जायचं ठरलंय, पुढच्या रविवारी. आम्ही चौघी आया आणि सात लेकरं. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, लहान लेकरांनाही निम्मं, त्यामुळं हिशोब बसला. धाराशिवला उतरून पुढची गाडी धरायची. संग्रहालय उघडं असल्याची खात्री आधी करून घेतलीय.

धाकटीनं कालपासून तयारी लावलीय. मैत्रिणीनं ती शिंपल्यांची डबी तिला देऊनच टाकली. त्यात तिनं माझ्या कापट्यांतून निवडून चार तुकडे घडी करून ठेवलेत: निळा, खाकी, पांढरा, चौकटीचा. म्हणते, तेरहून कापड जायचं ना, मग आपण सोलापूरचं नेऊन तिथल्या काकांना दाखवू.