मदत हवी आहे: मूर्तीच्या कपाळावर हिरवा ठिपका असलेला फोटो कसा तपासावा?

धागाकर्ता: रात्री मोबाइलवर काढलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. मूर्तीच्या कपाळावर हिरवट ठिपका, भोवती पांढरी वर्तुळं. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसलं नव्हतं, म्हणून चमत्कार, असा दावा. एडिट केलेला वाटत नाही. कुणालाही न दुखावता कसा तपासू?

काजवा: फिरता फोटो निरुपयोगी. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना आकार घटवतं, एक्झिफही (फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपोआप नोंदवलेली माहिती) काढून टाकतं. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटोही मागा, ते जास्त बोलके असतात. एक्झिफमध्ये शटरचा वेळ, फ्लॅश आणि सॉफ्टवेअर हे रकाने बघा. 'फोटो खरा की खोटा' सांगणाऱ्या ऑनलाइन टूल्सच्या नादी लागू नका. वारंवार सेव्ह झालेल्या निर्दोष फोटोतही ती ठळक कडांवर चट्टे दाखवतात.

छायाप्रकाश: हिरवा ठिपका बहुधा भिंगातलं परावर्तन. चौकटीत प्रखर दिवा असला की त्याचा थोडा प्रकाश सेन्सरकडून (भिंगामागचा प्रकाश टिपणारा भाग) मागे उसळतो, भिंगाच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर पडतो, तोही मध्याच्या बरोबर पलीकडे. फोटोचे दोन कर्ण काढा, छेदतात तो मध्य. ठिपक्यापासून मध्यातून रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या. तिथे दिवा आहे? तीन दिवे असतील तर ठिपकेही तीन दिसू शकतात, मांडणी उलटी. फोटो कापलेला असेल तर मध्य सरकतो आणि सगळं गणित फसतं, म्हणून मूळ फाइल. स्टॅबिलायझेशनमुळे (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी फोनची सोय) किंचित फरक पडतो, तो सोडून द्या.

आणि ती पांढरी वर्तुळं? फ्लॅश पडला असेल तर ती म्हणजे भिंगासमोर अगदी जवळ तरंगणारी धूळ किंवा पाण्याचे थेंब. फोकसबाहेर असल्याने फुगून गोल दिसतात.

धागाकर्ता: फाइल मिळाली. फ्लॅश पडलाय, शटर १/१५ सेकंद. रेघ दिव्यावरच जाते! पण कडेचा एक माणूस अर्धपारदर्शक आहे, त्याचं काय?

काजवा: शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं होतं. तेवढ्यात माणूस हलला की मागचं उजळ दृश्य त्याच्यावर उमटतं.

छायाप्रकाश: मात्र 'असं होऊ शकतं' एवढ्यावर थांबू नका. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये आत्म्यांचे फोटो विकणाऱ्या विल्यम मम्लरवर खटला झाला. असे फोटो बनवण्याच्या अनेक युक्त्या साक्षीदारांनी सांगितल्या, पण त्याने नेमकं काय केलं ते सिद्ध झालं नाही, तो सुटला. इथे तर लबाडीचा आरोपच नाही, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. तोच फोन, तीच जागा, तेच दिवे, आणि फोन फोटो काढणाऱ्याच्याच हातात द्या. फ्लॅश बंद. फोन जरा वर कलवला की स्क्रीनवर दिवा खाली सरकेल आणि ठिपका वर, कपाळ सोडून. मग हाताने फक्त दिव्याचा प्रकाश अडवा: ठिपका गेला पाहिजे. नाही गेला, तर आमचं स्पष्टीकरण चुकलं. तसा फोटो इथे टाका.