न्यायाधीशाने खटल्यातून बाजूला कधी व्हावं, आणि ते ठरवायचं कोणी?

बांधावरचा (धागाकर्ता)

भूसंपादनात ज्यांची जमीन गेली त्यांना १ जानेवारी २०१४ ही तारीख पाठ असते. त्या दिवशी नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यातलं कलम २४(२) थोडक्यात असं: निवाडा होऊन पाच वर्षं उलटली आणि ताबा घेतलेला नाही किंवा मोबदला दिलेला नाही, तर जुनं संपादन रद्द. मग 'मोबदला दिला' कधी म्हणायचं, यावर घोडं अडलं. पुणे महापालिकेने वन-उद्यानासाठी घेतलेल्या जमिनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं की पैसे सरकारी तिजोरीत ठेवून भागणार नाही. जमीनमालकाला द्या, तो घेत नसेल तर कोर्टात भरा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात न्या. अरुण मिश्रा यांच्या पीठाने बहुमताने तो पुण्याचा निकालच चुकीचा, म्हणून बंधनकारक नाही, असं ठरवलं. हे पीठही तिघांचंच. तिघांनी तिघांचा निकाल मोडीत काढला म्हणून गदारोळ झाला आणि प्रकरण पाच जणांच्या घटनापीठाकडे गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या घटनापीठाच्या अध्यक्षस्थानी कोण? न्या. अरुण मिश्राच.

जमीनमालकांच्या वकिलांनी त्यांना बाजूला होण्याची विनंती केली. २३ ऑक्टोबरला त्यांनी नकार दिला आणि इतर चौघांनी त्याला दुजोरा दिला. ६ मार्च २०२० ला पुण्याचा निकाल रद्द ठरला.

तो निकाल बरोबर की चूक, हा वाद मला इथे नको आहे. न्या. मिश्रांचा त्यात काही आर्थिक स्वार्थ होता असंही मी म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच की ज्याच्याविरुद्ध विनंती आहे त्यानेच ती ऐकायची, ही कुठली पद्धत?

आणि जे बाजूला होतात ते तरी कारण सांगतात का? एल्गार परिषद प्रकरणात गौतम नवलखांची याचिका ३० सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०१९ या चार दिवसांत पाच न्यायाधीशांनी सोडली. आधी सरन्यायाधीश गोगोई, मग तिघांचं अख्खं पीठ, मग न्या. भट. कारण कोणीही सांगितलं नाही. अटकेची टांगती तलवार असलेल्या माणसाने यातून काय समजायचं?

माझं मत: बाजूला व्हा किंवा होऊ नका, दोन ओळी लेखी द्या. आणि पक्षकाराची हरकत असेल तर निर्णय दुसऱ्याने करावा.

नोटरी_कट्टा

असहमत. मत असणं वेगळं आणि हितसंबंध असणं वेगळं, तुम्ही दोन्हींची खिचडी केली आहे. पुनर्विलोकन अर्ज शक्यतो ज्या पीठाने निकाल दिला त्याच्याचकडे जातो. तुमच्या हिशेबाने तो प्रकारच बंद करावा लागेल. १९६७ च्या गोलकनाथ खटल्याच्या पीठावर न्या. सिक्री होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तोच निकाल तपासायचा होता आणि तेव्हा तेच सरन्यायाधीश म्हणून अध्यक्षस्थानी होते. कोणी म्हटलं का बाजूला व्हा?

कोर्टात रोज काय चालतं तेही सांगतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे न्यायाधीशाच्या जवळच्या नातलगाला त्याच्यासमोर वकिली करता येत नाही. त्या यादीत पुतण्याही आहे (महाराष्ट्राला काका-पुतण्याचं वेगळं सांगायला नको). एखादा न्यायाधीश नको असला की काही हुशार मंडळी सुनावणीच्या तोंडावर त्याच्या पुतण्याचं वकीलपत्र दाखल करतात. साहेब बोर्ड बघतात, 'नॉट बिफोर मी' म्हणतात, आणि प्रकरण दुसरीकडे जातं. निर्णय दुसऱ्याकडे द्यायची सोय केलीत की अशा मंडळींना पुतण्या शोधायचीही गरज उरणार नाही.

बांधावरचा

पुनर्विलोकनात त्याच न्यायाधीशाला विचारतात की तुमच्या नजरेतून काही सुटलं का. हा प्रश्न त्यालाच विचारायला हवा. घटनापीठापुढचा प्रश्न वेगळा होता: २०१४ चे तिघे बरोबर की २०१८ चं बहुमत? दोघांतला एकच पक्ष पंचाच्या खुर्चीत, आणि दुसऱ्या बाजूचं तिथे कोणीच नाही. २०१४ च्या पीठापैकी एकही जण तोवर कोर्टात उरला नव्हता, हे मान्य. मग २०१८ च्या बाजूलाही ठेवायचं नव्हतं. सिक्रींबरोबर आणखी बारा न्यायाधीश होते, हेही लक्षात घ्या.

चहाबाज

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असला तर सदस्यत्व जातं. गटारीच्या ठेक्यासाठी पद घालवणारा कायदा आहे, आणि वर दिल्लीत सगळं विवेकबुद्धीवर. चालू द्या.

निवृत्त_रावसाहेब

महसूल खात्यात नोकरी झाली, म्हणून अधिकाऱ्यांच्या बाजूने लिहितो. तहसीलदार असताना एका वादग्रस्त फेरफाराचा निकाल दिला होता. पुढे त्याच उपविभागात प्रांत म्हणून गेलो तर त्याचंच अपील माझ्या टेबलावर. अपिलार्थी वयस्कर बाई होत्या, त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. वकिलाच्या आलं होतं, पण तो गप्प. रोजनाम्यात लिहिलं: "वादग्रस्त आदेश प्रस्तुत अधिकाऱ्याने पारित केलेला असल्याने प्रकरण अन्य अधिकाऱ्याकडे वर्ग होण्यासाठी जिल्हाधिकारी यांना सादर." दीड ओळीचं काम होतं. कारण लिहिल्याने माझी अब्रू गेली नाही.

हाच विषय १९६९ मध्ये क्रायपाक खटल्यात सुप्रीम कोर्टात येऊन गेला आहे. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी निवड व्हायची होती. प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर, आणि उमेदवारही तेच! स्वतःच्या नावाची चर्चा आली की साहेब बाहेर जाऊन बसायचे, प्रतिस्पर्ध्यांची नावं आली की पुन्हा आत. यादी लागली तेव्हा नाव सगळ्यांत वर. कोर्टाने ती निवड रद्द केली. गंमत अशी की पूर्वग्रह होता हे सिद्ध करा असं कोर्ट म्हणालं नाही, तशी रास्त शक्यता दिसते एवढं पुरे झालं. आम्हा अधिकाऱ्यांना लावलेला निकष न्यायमूर्तींनी स्वतःला लावायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ

उलट टोकाचा अनुभवही बघा. कृष्णेच्या पाणीवाटपाचं प्रकरण जानेवारी २०२२ मध्ये न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांच्यापुढे होतं. एक महाराष्ट्राचे, एक कर्नाटकचे. दोघेही बाजूला झाले. कारण सांगितलं हे खरं, पण ते पटण्यासारखं आहे का? जन्म कुठल्या राज्यात झाला हा हितसंबंध कसा? चंद्रचूड साहेबांची शेती काही सांगलीच्या पुरात जात नाही. हाच नियम लावला तर काठावरच्या चारही राज्यांचे न्यायाधीश बाद, आणि आमचं पाणी ठरवणार गंगेकाठचे. तारखा पडतात त्या वेगळ्याच.

शंकेखोर

लेखी कारणाला माझा विरोध आहे. समजा न्यायाधीशाच्या मुलीसाठी एका घरचं स्थळ बघणं चाललंय, अजून होकार-नकार काही नाही, आणि त्याच घरातल्या भावकीचा वाटणीचा दावा समोर आला. बाजूला व्हायलाच हवं. पण हे आदेशात लिहायचं? उद्या स्थळ फिसकटलं तर त्या मुलीचं काय? २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात न्या. लोकूर यांनी कारण देणं गरजेचं नाही असंच म्हटलं होतं.

बांधावरचा

त्याच खटल्यात न्या. कुरियन जोसेफ यांनी निदान ढोबळ कारण द्यायलाच हवं असं म्हटलं, तेही सांगा की. आणि स्वतः लोकूर यांनीही या बाबतीत नियम करायची वेळ आली आहे असं लिहिलं होतं. तुमच्या स्थळाच्या प्रकरणात 'निकटचा कौटुंबिक संबंध' हे तीन शब्द पुरतात. मुलीचा बायोडाटा जोडा असं कोणी म्हणत नाहीये.

नोटरी_कट्टा

मधला रस्ता आहेच. उघड सांगा आणि हरकत विचारा. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींच्या मोदी आडनावाच्या प्रकरणात न्या. गवईंनी सुरुवातीलाच सांगितलं की वडिलांचे काँग्रेसशी जवळचे संबंध होते, भाऊ आजही काँग्रेसमध्ये आहे, हरकत असेल तर सांगा. दोन्ही बाजूंनी नाही म्हटलं, प्रकरण चाललं. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या आचारतत्त्वांतही शेअर्सबद्दल हेच आहे. ते जाहीर करा, कोणाची हरकत नसेल तर ऐका. नवी यंत्रणा कशाला?

बांधावरचा

हरकत विचारतात ती भर कोर्टात, वकिलाला. त्याला उद्या दुसरं प्रकरण घेऊन त्याच न्यायमूर्तींपुढे उभं राहायचंय. तो काय सांगणार? ओडिशातल्या नियामगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात न्या. कपाडियांनी स्टरलाइटचे शेअर्स असल्याचं सांगितलं होतं, त्यांचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. वकिलांची हरकत नव्हती. डोंगरावरच्या डोंगरिया कोंध आदिवासींना कोणी विचारलं?

नोटरी_कट्टा

वकील एवढे भित्रे नसतात. २०१९ मध्ये श्याम दिवाण यांनी न्या. मिश्रांच्या तोंडावर बाजूला व्हा म्हणून युक्तिवाद केलाच. २०२१ मध्ये नंदीग्रामच्या निवडणूक याचिकेत ममता बॅनर्जींच्या बाजूने कलकत्ता हायकोर्टाच्या न्या. चंदांबद्दल तेच मागितलं गेलं.

चहाबाज

आणि न्या. चंदा बाजूला झाले, पण जाताना पाच लाखांचा दंड ठोकून! मागणी मान्य आणि मागितल्याबद्दल शिक्षा. पुढच्या वकिलाला किती धीर आला असेल.

निवृत्त_रावसाहेब

नोटरीसाहेब, आमच्याकडे प्रांताच्या वर जिल्हाधिकारी असतो, म्हणून वर्ग करता येतं. सरन्यायाधीशाच्या वर कोण? २० एप्रिल २०१९ ला, शनिवारी, न्या. गोगोई स्वतःवरच्या आरोपांच्या प्रकरणात पीठावर बसले होते. आदेशावर सही मात्र इतर दोघांचीच. पीठ कोणाचं बसवायचं हेही सरन्यायाधीशच ठरवतात.

बांधावरचा

तिथे ज्येष्ठतेत पुढच्या न्यायाधीशाने ठरवावं. एवढा एक नियम पुरे आहे.

नोटरी_कट्टा

ज्येष्ठतेत पुढचा म्हणजे बहुतेक वेळा पुढचा सरन्यायाधीश, आणि त्याच्या नावाची शिफारस मावळता सरन्यायाधीश करतो. त्या मावळत्याविरुद्धचा अर्ज तुम्ही त्याच्या हातात देणार? तो 'हो, बाजूला व्हा' म्हणाला तर तुम्हीच इथे दुसरा धागा काढाल, की याला खुर्चीची घाई झाली होती.