कॉलेजनंतर एक वर्ष मिशन इंटर्न: हो म्हणण्याआधी काय विचारून घ्यावं?

अबोली_नगर
जय ख्रिस्त. बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. जूनपासून वर्षभर नवापूर तालुक्यात (नंदुरबार) मिशन इंटर्न म्हणून जायचा विचार आहे. संस्था भारतीय आहे. काम म्हणजे मुलांची संध्याकाळची अभ्यासिका, तरुणांचा बायबल अभ्यास आणि स्थानिक पाळकांबरोबर गावभेटी. पत्रात पैशांबद्दल एकच ओळ आहे, "आर्थिक पाठबळ स्वतः उभारावे." आईबाबा काळजीत आहेत. पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना करून ठरव. प्रार्थना चालूच आहे, पण संस्थेला नेमकं काय विचारायचं, महिन्याला किती लागतं आणि पैसे कसे घ्यायचे, हे कुणी सांगेल का?

मुक्कामी_गाडी
ताई, पहिला प्रश्न कामाचा नाही, माणसाचा विचार. तुझ्यावर देखरेख कोण ठेवणार? त्या व्यक्तीचं नाव लेखी हवं, ती त्याच तालुक्यात राहणारी हवी, आणि मुलींसाठी ती बाईच हवी. "मुंबई ऑफिसमधून फोनवर संपर्कात राहू" हे उत्तर आलं तर नाही म्हण. इंटर्न मधेच परत येतात ते बहुतेक काम जड गेलं म्हणून नाही. चार जण चार कामं सांगतात आणि नाही कुणाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून येतात.

लेखी करारात एवढं तरी असू दे: आठवड्याची सुट्टी, वर्षातली रजा, राहण्याची जागा (आतून कडी, स्वतंत्र संडास-न्हाणी, रात्री सोबत कोण), गावभेटीचं वाहन, आजारपणात खर्च कोणाचा, आणि तक्रार असेल तर देखरेख करणारीला सोडून दुसऱ्या कुणाकडे जायचं. शेवटचा मुद्दा संस्थांना आवडत नाही. तरी विचारच.

भाषेचं गृहीत धरू नकोस. शाळेतली पोरं मराठी बोलतात, पण घरात मावची ही आदिवासी बोली चालते, आणि आजीबाईंशी मराठीत गप्पा होत नाहीत. पहिले दोन महिने रोज तासभर भाषेसाठी राखून ठेवायला सांग. ते मिळालं नाही तर वर्षभर दुभाष्यामागे फिरशील. जून म्हणजे पावसाची सुरुवात, तेव्हा मच्छरदाणी घरूनच ने. दवाखान्याची चौकशी आधी कर. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय त्याच तालुक्यात आहे.

जमाखर्च
पैशांचं मी सांगतो. अंदाज असा धर: राहणं-जेवण ५,०००, प्रवास १,५००, फोन ४००, विमा-औषधं ८००, किरकोळ १,३००. महिन्याला ९,०००, वर्षाला १,०८,०००. सुरुवातीचं सामान आणि प्रशिक्षण १२,००० धर. परत आल्यावर नोकरी लागेपर्यंतचे दोन महिने म्हणून १८,००० वेगळे. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. एकूण १,३८,०००. संस्था जेवण-निवास देत असेल तर त्यातले ६०,००० गेले.

उभे करताना दोन मोठे दाते शोधू नकोस, वीस लहान शोध. एक मोठा गळाला तर अर्धं वर्ष लटकतं. "जमेल तसं देईन" हे आश्वासन धरायचंच नाही. ३०० रुपये पण बाराही महिने, बँकेत स्थायी सूचना देऊन, असं स्पष्ट माग. ओघ आटतो तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, उत्साह ओसरला की. मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीकडून ठराव करून घे, नुसता पाळकांचा शब्द पुरत नाही. वर्षाच्या मध्ये त्यांची बदली झाली तर?

आता खात्याचं. शक्यतो पैसे संस्थेच्या खात्यात, तुझ्या नावाच्या नोंदीने जाऊ देत आणि तिथून तुला मानधन मिळू दे. तुझ्या यूपीआयवर थेट घेतलेस आणि नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात एकूण ५०,००० च्या वर गेले, तर सगळी रक्कम तुझं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नाही. कर कदाचित शून्यच येईल, पण हिशेब ठेवावा लागतो. जवळच्या नातेवाइकांनी दिलेले पैसे यात मोजत नाहीत.

परदेशातले पैसे हा खरा खड्डा. अमेरिकेतली मंडळी तुझ्या खात्यावर सेवेसाठी पाठवणार असेल तर घेऊ नकोस. तो परदेशी निधी ठरतो, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणीशिवाय तो घेता येत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा ओळखीचा मात्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. तो परदेशी निधी नाही. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) असेल तर तो परदेशी धरला जातो.

सीमेवरचा
नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे गमतीचं वाटतं. पण गावभेटींत ते लक्षात ठेवायचं. सीमा ओलांडली की कायदा बदलतो. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जिल्ह्याला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशचा २०२१ चा कायदा धर्मांतराच्या ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, आणि आदिवासी, दलित, स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्तीच्या बाबतीत उल्लंघनाची शिक्षा २ ते १० वर्षं आहे. त्यात "प्रलोभन" या शब्दात भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षण, सगळं येतं. घटनेच्या कलम २५ ने प्रचाराचा हक्क दिला आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस प्रकरणात म्हटलं आहे.

म्हणून अभ्यासिका आणि बायबल वर्ग एकत्र नकोत. वेळ वेगळी, हजेरीवही वेगळी. अभ्यासिकेत वही-पेन वाटायचे असतील तर सगळ्यांना, आणि त्या वेळी पत्रक नाही, प्रार्थना नाही. बायबल वर्गाला १८ खालच्या मुलांच्या पालकांची लेखी संमती. बाप्तिस्म्याचा विषय निघाला तर तो पाळकांकडे, इंटर्नने त्यात पडू नये. सीमेपलीकडे जायचं असेल तर संस्थेचा वकील कोण, हे आधी विचार.

अबोली_नगर
खूप मोलाचं. एक राहिलं: दर महिन्याला पाठबळ देणाऱ्यांना प्रार्थनापत्र (कामाची बातमी आणि प्रार्थनेचे विषय) पाठवायला सांगितलंय, फोटोंसह. मुलांचे फोटो टाकावेत का?

मुक्कामी_गाडी
चेहरे नकोत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल (जसं बालगृहातलं) असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने ओळख उघड करायलाच मनाई आहे. इतर मुलांचेही पालकांना विचारूनच. गावाचं नाव टाळ, कुणी बाप्तिस्मा घेणार असल्याचं लिहू नकोस. पत्र पुढे पाठवलं जातं आणि कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही. मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर ते प्रार्थनेचं मागणं नाही. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "संस्थेचं नाव खराब होईल" म्हणून थांबवणारा भेटतोच.

कोरा_कागद
थोडं उलट बोलतो. कॅम्पसमधून ऑफर मिळाली असेल तर कंपनी वर्षभर थांबेल असं धरू नकोस, लेखी घे. एम.एस्सी.चे फॉर्म भरायच्या तारखा त्याच वर्षात येतात, आणि रेंज नसलेल्या गावात त्या हुकतात. जाण्याआधीच कॅलेंडरवर मांड आणि त्या चार-पाच दिवसांची रजा करारात घाल. अनुभवाचं प्रमाणपत्र निघताना मागायचं नसतं, त्याचा मजकूर आधीच ठरवायचा: किती मुलं शिकवली, कोणते विषय, किती तास. "प्रभूच्या सेवेत एक वर्ष" एवढंच लिहिलं तर एचआरवाल्याला काही कळत नाही.

जमाखर्च
आणि आईबाबांना मे महिन्यातच एकदा नवापूरला घेऊन जा. राहायची खोली आणि देखरेख करणाऱ्या ताई, दोन्ही बघू देत. जमलं तर कराराची प्रत त्यांच्याकडेच ठेव.