मदत हवी आहे : खोती गावातील कुळांच्या १९५० पूर्वीच्या नोंदी

सप्रेम नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या छोट्या शेतकरी वाडीचा इतिहास मी लिहीत असून, तरुण मंडळी मुंबईला गेल्याने ओस पडत चाललेल्या या वाडीत पूर्वी कोणते कूळ किती जमीन कसत होते आणि खोताला (गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या वतनदाराला) अर्धेल (निम्मे पीक), तिर्धेल (एक तृतीयांश पीक) की ठरावीक मक्ता (खंड) देत होते, हे मला कागदोपत्री दाखवायचे आहे. (ही ओहोटी आमच्यापुरती नाही; २००१ ते २०११ या काळात अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचीच लोकसंख्या घटली.)

सातबारा व जुने फेरफार पाहिले, परंतु त्यांतून १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरचेच चित्र दिसते. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये खोती पद्धतीचे वर्णन चांगले असले तरी आमच्या वाडीपुरते काही हाती लागत नाही. तालुक्याच्या अभिलेख कक्षात बोटखताची (खोती गावातील कुळे, त्यांच्या जमिनी व खोताला द्यायचा खंड यांची जुनी नोंदवही) काही जीर्ण पाने मिळाली, मात्र आमच्या वाडीचे बहुतेक सर्व्हे नंबर त्यांत नाहीत. मोडी मला वाचता येते. खोत घराण्याचे खासगी दप्तर उरलेले नाही आणि वृद्धांच्या आठवणी कूळकायद्याच्या मागे फारशा जात नाहीत.

अशा वेळी बोटखताची दुसरी प्रत जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, भूमी अभिलेख कार्यालयात की मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावी, आणि अर्जात गाव व सर्व्हे नंबर यांखेरीज कोणता तपशील द्यावा लागतो?