द्वारका चौक टाळणे कसे थांबवावे? पॅनिक अटॅक आणि रोजचा दिनक्रम

प्रश्न (पंचवटीकर):
मी नाशिकला पंचवटीत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांत काम करतो. दोन महिन्यांपूर्वी रात्रपाळीहून परतताना द्वारका चौकातल्या कोंडीत अचानक छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपले काही खरे नाही असे वाटून मी दुचाकी कडेला लावून तिथेच बसलो. ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी ठीक आल्यावर डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक असल्याचे सांगितले. त्यानंतर असे आणखी तीनदा झाले. आता मी अशोकस्तंभ, त्र्यंबक नाका असा वळसा घालून कामावर जातो आणि दिवसातून कितीदा तरी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजतो. रोजच्या राहणीत नेमके काय बदलल्याने फरक पडला, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका):
भीतीने श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, गरगरते. म्हणून भराभर मोठे श्वास घेण्याने त्रास वाढतो. श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे: चार अंक मोजत नाकाने घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा सहा अंक मोजत सोडावा. हा सराव बरे वाटत असतानाच रोज करावा, कारण ऐन वेळी नवे काही सुचत नाही. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो.

रात्रपाळीत चहा किती होतो, तेही मोजावे. अंगातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी नऊला झोपताना निम्मा शिल्लकच असतो. मात्र एकदम सोडू नये, डोके दुखते. दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा.

उत्तर २ (कॉलेज रोड):
ताईंचे म्हणणे पटते, पण मला खरा गुण आला तो टाळाटाळ सोडल्यावर. मी वर्षभर लिफ्ट टाळून पाच मजले चढत होते, आणि प्रत्येक जिन्यागणिक लिफ्टची भीती पक्कीच होत गेली. समुपदेशकांच्या मदतीने आधी एक मजला, मग दोन, असे करत ती सुटली. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भरभर चालण्याचाही उपयोग झाला, कारण छाती धडधडते आणि तरीही काही होत नाही, हे शरीराला तिथे रोज कळत गेले. नाडी मोजणे मात्र आजच थांबवा. ती सवय भीतीला खतपाणी घालते. एवढ्याने भागले नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात आणि औषध घेण्यात कमीपणा नाही. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पंचवटीकर:
काल रात्री मोजले: कारखान्यात सहा कप आणि सुटल्यावर टपरीवरचा सातवा. रविवारी सकाळी सातला, रस्ता मोकळा असताना, द्वारकेवरून जाऊन पाहतो. मागे धाकट्या भावाला बसवले तर चालेल का?

कॉलेज रोड:
पहिल्यांदा चालेल. तिसऱ्या खेपेला मात्र त्याला घरीच झोपू द्या.