अल्बमचे नियोजन आणि जुना लॅपटॉप: आधी खर्च कशावर करावा?

स्वरवही
नमस्कार. स्वतःचे शब्द आणि स्वतःच्याच चाली असलेला आठ गाण्यांचा मराठी अल्बम मी घरी ध्वनिमुद्रित करीत आहे. गायन, हार्मोनियम आणि गिटार माझे असून तबला व बासरीचे ट्रॅक मित्र आपापल्या घरून पाठवतात. पाच गाण्यांचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाले आहे. लॅपटॉप जुना असून त्यात ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. पंधरा-वीस ट्रॅक झाले की आवाजात तडतड ऐकू येते आणि अलीकडे तर प्रोजेक्ट उघडतानाच तो अडकून बसतो. अल्बम दिवाळीत प्रकाशित करण्याचा विचार आहे. मिक्सिंगसाठी, म्हणजे सर्व ट्रॅकचा मेळ दुसऱ्याकडून जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवलेल्या पैशांतून नवा लॅपटॉप घ्यावा, की आहे त्यावरच काम रेटावे?

खर्जातला
लॅपटॉपचा निर्णय थोडा लांबवा, पण झालेली पाच गाणी आजच सुरक्षित करा. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होईल अशा रीतीने २४ बिट वेव्ह फाइलच्या रूपात बाहेर काढा आणि गाण्याचा टेम्पो व पट्टी वेगळ्या टिपणात लिहून ठेवा. अशा फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि मिक्सिंग करणाऱ्यालाही त्याच लागतात. ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना) एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते, म्हणजे वीस ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे साधारण ८६४ एमबीचे भरेल आणि आठही गाणी ७ जीबीच्या आसपास राहतील. तेव्हा जागेची सबब चालणार नाही. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा तबलजी मित्राकडे, असू द्यावी.

आता तडतडीविषयी. ती मूळ फाइलमध्ये उमटली आहे की केवळ वाजवताना ऐकू येते, हे आधी तपासा. त्यासाठी एकट्या गायनाची फाइल मोबाइलवर ऐकली तरी पुरते. केवळ वाजवताना येत असेल तर प्रोसेसरवर ताण आहे एवढाच अर्थ निघतो आणि अंतिम फाइल बाहेर काढताना ती बहुधा येत नाही. मिक्सिंग करताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाच्या नमुन्यांचा साठा, १०२४ वर न्या, गाताना १२८ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा, तर १०२४ चा २१ मिलिसेकंदांचा असतो, आणि एवढ्या उशिराने स्वतःचाच आवाज कानात आला तर मुरलेल्या गायकाचीही लय ढळते.

उरलेल्या तीन गाण्यांसाठी सर्व वाद्यांचे एक कच्चे स्टीरिओ मिश्रण करून ते नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि त्यावर गा. दोन-तीन ट्रॅकचा भार जुना लॅपटॉपही सहज पेलतो.

रियाजी
वरील सल्ला योग्य आहे, मात्र हार्ड डिस्कच्या बाबतीत थांबू नये असे माझे मत आहे. प्रोजेक्ट उघडताना अडकणे हे डिस्क मंदावल्याचे किंवा खराब होत चालल्याचे लक्षण असू शकते. एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवून घेणे आणि शक्य असल्यास रॅम १६ जीबी करणे हे नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात होते. त्याच वेळी पंख्यातील धूळही काढून घ्या. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. मिक्सिंगच्या पैशांना हात लावू नये. स्वतःच लिहिलेल्या आणि गायलेल्या गाण्याकडे तटस्थ कानाने पाहणारा माणूस नव्या यंत्राबरोबर मिळत नाही.

मंद्रसप्तक
दिवाळीला आठही गाणी एकदम आणण्याचा आग्रह कशासाठी, हे मला समजले नाही. तयार गाण्यांपैकी दोन-तीन आधी एकेकटी प्रकाशित करावीत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी आणि एका वेळी एकच सुचवता येते. त्यामुळे आठ गाण्यांचा अल्बम एकदम आणल्यास त्यातील एकच गाणे पुढे करता येईल. पुढे तीच मुद्रणे अल्बममध्ये घेताना प्रत्येकाचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, तोच ठेवा, म्हणजे गाणे आधी किती वेळा ऐकले गेले ती संख्या सहसा गाण्याबरोबर राहते. शिवाय आपण गीतकार आणि संगीतकार दोन्ही असल्यामुळे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घेऊन गाण्यांची नोंद अवश्य करावी.

स्वरवही
सर्वांचे आभार. तपासून पाहिले. चार गाण्यांच्या फाइल स्वच्छ आहेत. एका गाण्याच्या गायनात मात्र तडतड खरोखरच उमटली आहे, तेव्हा ते कच्च्या मिश्रणावर पुन्हा गाईन. एसएसडी बसवून घेत आहे. दिवाळीला दोनच गाणी येतील आणि अल्बमची तारीख मिक्सिंग करणाऱ्याशी बोलून ठरवीन. बासरीवादक मित्राचे ट्रॅक ४४.१ किलोहर्ट्झचे आहेत आणि माझे प्रोजेक्ट ४८ चे. ते आत घेताना काही बदलावे लागेल का?

खर्जातला
बहुतेक सॉफ्टवेअर आत घेतानाच रूपांतर करते, तरी खात्री करून घ्या. रूपांतर न होता फाइल वाजली तर बासरी सुमारे दीड अर्धस्वर चढी आणि जलद ऐकू येईल आणि दोष मित्राच्या सुरावर जाईल.