बायो-टॉयलेटची टाकी भुसावळला उपसत नाहीत
भुसावळला गाडी थांबली की डब्यांखालच्या शौचालयाच्या टाक्या उपसतात, असे म्हटले जाते. बायो-टॉयलेटबाबत तसे होत नाही. रेल्वे आणि डीआरडीओ (केंद्र सरकारची संरक्षण संशोधन संस्था) यांनी मिळून विकसित केलेल्या या टाकीत ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू असतात, ते मैल्याचे विघटन करून पाणी, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि ते पाणी क्लोरीनची प्रक्रिया होऊन बाहेर पडते. पूर्वी मैला थेट रुळांवर पडे. त्याने रूळ गंजत आणि ट्रॅकमनना त्या घाणीतच वाकून काम करावे लागे, ही खरोखर लाजिरवाणी गोष्ट होती. मात्र नंदुरबारकडच्या गाड्यांत भांड्यात गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या अजूनही सर्रास दिसतात. प्लास्टिक जिवाणूंना पचत नाही, त्यामुळे नळी तुंबते आणि तो कचरा शेवटी कुणा सफाई कामगारालाच काढावा लागतो.